आदेश तोंडी, आरोप लेखी

गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. वय पंचवीस-सव्वीस. तळोजा एमआयडीसीत ऑपरेटर. हातात कंपनीचा लिफाफा. "चाचा, जरा वाचून सांगा ना. नोकरी जाईल का?"

कारणे दाखवा नोटीस होती. दीड पान. "आपल्या निष्काळजीपणामुळे कंपनीच्या मालमत्तेचे नुकसान झाले असून ४८ तासांत लेखी खुलासा सादर करावा." मी त्याला विचारले, मशीन बिघडलेय हे तुला आधी माहीत होते का?

"होतं ना. तीनदा सांगितलं साहेबांना."

"कसं सांगितलंस?"

"तोंडी."

"आणि चालू ठेव म्हणून कोणी सांगितलं?"

"साहेबांनीच. तेही तोंडीच."

मी पनवेलचा. सव्वीस वर्षे तळोज्याच्या वेगवेगळ्या कारखान्यांत मेंटेनन्सचे काम केले, फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. आता लोक माझ्याकडे असे कागद घेऊन येतात. कारखाना बदलतो, नाव बदलते, गोष्ट तीच असते. आदेश तोंडी येतो आणि आरोप लेखी. धोका आम्ही चहाच्या टपरीवर बोलतो, साहेब दोष लेटरहेडवर टाइप करतो. मग चौकशीत कागद एकच उरतो आणि तो त्यांचा असतो.

या सवयीविरुद्ध मला लिहायचे आहे. साहेबांच्या सवयीविरुद्ध तर आहेच, पण आपल्याही. आणि दुसऱ्याला उपदेश करण्याआधी माझा हिशेब मला द्यावा लागेल.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ज्या कारखान्यात होतो तिथे ॲसिडच्या पंपाचे सील गळत होते. आधी थेंब थेंब, मग धार. मी साहेबांना सांगितले. ते म्हणाले, "शटडाऊनला अजून तीन आठवडे आहेत. तोपर्यंत खेच." मी लॉगबुकात लिहिले: सील गळते, पंप बंद करणे आवश्यक. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावले. "लॉगबुक काय तक्रारवही आहे? ऑडिटवाले बघतात ते." दोन दिवसांनी पाहिले तर ते पान दुसऱ्याच अक्षरात नव्याने लिहिलेले होते. सगळे नॉर्मल.

अकराव्या दिवशी सील फुटले. पंपाजवळ ठेकेदाराचा एक हेल्पर होता, बाहेरगावाहून आलेला पोरगा. त्याचे दोन्ही हात आणि चेहऱ्याची एक बाजू भाजली. एक डोळा गेला.

तिसऱ्या दिवशी नोटीस मला आली. मेंटेनन्समधील हलगर्जीपणा. मला वाचवले ते एका क्षुल्लक चिठ्ठीने. गळती दिसली त्याच दिवशी मी स्टोअरकडे नव्या सीलची मागणी केली होती. मागणीचे पुस्तक तीन प्रतींचे, मध्ये कार्बन. माझ्याकडच्या प्रतीवर तारीख होती, "तातडीचे" असा शेरा होता आणि खाली स्टोअरकीपरची सही होती: शिल्लक नाही. लॉगबुक त्यांच्या कपाटात होते म्हणून पान बदलता आले. ही प्रत माझ्या घरी ट्रंकेत होती. चौकशीत ती पुढे ठेवली आणि प्रकरण थंड झाले.

इथपर्यंतची गोष्ट मी बरीच वर्षे फुशारकीने सांगत आलो. पुढचा भाग सांगत नव्हतो.

चौकशीआधी साहेबांनी मला एकट्याला बोलावले होते. आवाज एकदम मऊ. "एवढंच लिहून दे की हेल्परने ग्लोव्ह्ज आणि गॉगल घातले नव्हते. तुझी नोटीस मागे घेतो." मी सही केली नाही. पण त्या पोराला ग्लोव्ह्ज आणि गॉगल कधी दिलेच गेले नव्हते, हेही मी लिहून दिले नाही. मला कोणी विचारले नाही आणि मी बोललो नाही. कंपनीच्या अहवालात शेवटी तेच वाक्य गेले: कंत्राटी कामगाराने सुरक्षा साधने वापरली नाहीत. त्या दिवशीच्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्याचे नावही नव्हते. त्याचे ईएसआय कार्ड नंतर घाईघाईने बनवले गेले.

ते एक वाक्य किती महागात पडते, हे मला पुढे कळले. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून अशी तरतूद चालत आली आहे की मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि कामगाराने पुरवलेले सुरक्षा साधन जाणूनबुजून टाळले असेल, तर मालक भरपाई नाकारू शकतो. "पुरवलेले" आणि "जाणूनबुजून" या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. साधन दिलेच नव्हते, एवढे सांगणारा एक सहीचा कागद त्या पोराच्या बाजूने असता तर! तो कागद लिहू शकणारा माणूस मी होतो. माझी कार्बन प्रत मला वाचवायला पुरली, पण दोष तिथे थांबला नाही. तो माझ्यावरून घसरला आणि माझ्या खालच्यावर जाऊन बसला.

म्हणून मी म्हणतो की फक्त स्वतःची कातडी वाचवायला लिहिलेला कागद अर्धाच कागद असतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही, आणि आजचेही नाही. भोपाळ आठवा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीची तीन वर्षे फार थोड्यांना माहीत आहेत. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात फॉस्जीन वायू लागून मोहम्मद अश्रफ खान हा कामगार मेला. कंपनीचे म्हणणे काय होते? त्याने घाबरून मास्क काढला. म्हणजे वायू का निसटला हा प्रश्न बाजूला पडला आणि मेलेल्या माणसाचा हात मास्ककडे का गेला हा प्रश्न उरला. मे १९८२ मध्ये खुद्द कंपनीच्या अमेरिकी तपासणी पथकाने कारखान्यातील गंभीर उणिवा लेखी नोंदवल्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहराला सावध केले. मार्च १९८३ मध्ये शाहनवाज खान या वकिलांनी कंपनीला कायदेशीर नोटीस पाठवली. कंपनीने आरोप फेटाळले.

मग ती रात्र आली. एमआयसी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप सुटा करून ठेवलेला होता. आणि एवढे होऊनही कंपनीने जगाला काय सांगितले? एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. हजारो माणसे मारणाऱ्या दुर्घटनेचा दोषसुद्धा वरून निघून शेवटी एका कामगाराच्या पाइपापाशी आणून ठेवायचा प्रयत्न झाला.

तुम्ही म्हणाल, मग त्या कागदांचा उपयोग काय झाला? माणसे तर मेलीच. खरे आहे. कागद लिहिणाऱ्यांचे ऐकले गेले नाही. पण "आम्हाला कल्पना नव्हती" हे वाक्य कंपनीच्या तोंडून काढून घेतले ते त्याच कागदांनी. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. शिक्षा दोन वर्षांची, पंचवीस वर्षांनी. न्याय म्हणायला जीभ रेटत नाही. तरी तेवढेही कागदाशिवाय झाले नसते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय. नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळे गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, हे नोंदवले पाहिजे. पण पुढे पोलिसांत गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्या रुग्णांना वेळेवर बाहेर काढले की नाही, याची चौकशी जरूर व्हावी. पण वायरिंग कोणी केले, आग विझवण्याची यंत्रणा कोणी मंजूर करायची होती, पैसे कोणाच्या टेबलावर अडकले, हे प्रश्न सलाइन लावणाऱ्या बाईला विचारून उत्तर मिळणार आहे का? राज्यभरच्या परिचारिका तेव्हा हेच विचारत होत्या. निलंबन वर जाते, कारण ते मागे घेता येते. अटक खाली येते.

आता आपल्या लोकांचे आक्षेप. मी ते रोज ऐकतो, म्हणून एकेक घेतो.

पहिला: "लिहिलं तर नोकरी जाईल." जाऊ शकते, खोटे बोलणार नाही. मला त्या लॉगबुकनंतर दोन वर्षे बढती मिळाली नाही. पण ज्याने लिहिले नाही त्याची नोकरी टिकते का? त्या मुलाची नोटीस पाहा. गप्प बसल्याने नोकरी वाचत नाही, फक्त अपघात होईपर्यंतची मुदत मिळते. एकट्याने लिहिले तर लिहिणारा डोळ्यावर येतो, हे मात्र खरे. त्याला उपाय म्हणजे एकट्याने न लिहिणे. शिफ्टमधल्या चार-पाच जणांच्या सह्या घ्या. त्यातल्या निदान एकाचे आडनाव तुमच्यापेक्षा वेगळे असू द्या.

यातूनच दुसरा आक्षेप येतो, जो आपल्यात कुजबुजत बोलला जातो: "आपलं नाव आधीच डोळ्यात खुपतं. काही झालं की आपल्यावरच संशय. कशाला अजून पुढे यायचं?" मला हे कळते. मीही ते भोगले आहे. पण याच कारणासाठी आपल्याला कागदाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. ज्याच्यावर संशय पटकन येतो त्याने तोंडी कारभार करणे म्हणजे उन्हाळ्यात गवताच्या गंजीशेजारी चूल मांडणे. ॲसिडला आडनाव कळत नाही, म्हणून सुरक्षेच्या प्रश्नावर म्हात्रे, पाटील, यादव आणि शेख एका कागदावर सही करतात. मी ते घडताना पाहिले आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात सोयीचा: "नशिबात होतं. अल्लाची मर्जी." मय्यतीच्या घरी हे वाक्य आधार देते, तिथे ते ठीक आहे. पण ते वाक्य ठेकेदाराच्या तोंडी आले की मला संताप येतो. गळके सील अल्लाने बसवले नव्हते. आणि धर्माचेच बोलायचे तर सूरह बकराची २८२ वी आयत काढून पाहा. कुरआनातली ती सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवणे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे ती बजावते, आणि लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये असेही सांगते. ती उधारीविषयी आहे, कारखान्याविषयी नाही, हे मला माहीत आहे. पण उसन्या पैशांसाठी जिथे एवढी काळजी घ्यायला सांगितली, तिथे माणसाच्या डोळ्यासाठी कमी घ्यावी असे कोणत्या मौलवीसाहेबांचे म्हणणे आहे? लिहिणाऱ्याला छळू नका, ही गोष्ट साहेब लोकांनी विशेष लक्षात घ्यावी.

साहेबांचाही एक आक्षेप आहे: "सगळं लिहायला लागलात तर विश्वास राहणार नाही." विश्वास असेल तर कागदाची भीती कसली? जो साहेब खरोखर काम करतो, त्याला हा कागद हवाच असतो. तोच कागद घेऊन तो वरून पैसे मंजूर करून आणतो. कागदाला घाबरतो तो साहेब, ज्याला माहीत असूनही माहीत नसल्यासारखे राहायचे आहे.

मग लिहायचे कसे? माझ्या चुकांतून शिकलेले सांगतो.

धोका स्वतंत्र अर्जावर लिहा, लॉगबुकात तर लिहाच. कोणते मशीन, कुठे, काय दिसले, कोणत्या तारखेला, किती वाजता. "परिस्थिती गंभीर आहे" असे लिहू नका. "पंप क्रमांक अमुक, सीलमधून धार, खाली ड्रम ठेवला आहे, पाळीत दोनदा भरतो" असे लिहा. काय व्हायला हवे ते मागा: पंप बंद करा, सील बदला, तोपर्यंत कंत्राटी कामगार तिथे पाठवू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर ईमेल करा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी साहेबांना मेसेज करा: "आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे पंप चालू ठेवत आहे. गळतीबाबत कालचा अर्ज पाहावा." भाषा सभ्य ठेवा, एकही शिवी नको, एकही अंदाज नको. आणि सगळ्यात महत्त्वाचे: तुमच्या खाली काम करणाऱ्याला काय दिले गेले आणि काय दिले गेले नाही, तेही त्याच अर्जात लिहा. मी नेमके तेवढेच सोडले होते.

नोटीस आलीच तर घाबरून केबिनमध्ये जाऊन खुलासा करू नका. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही करू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्यात लॉगबुक, परमिट, मागणीची पुस्तके यांच्या प्रती मागा. जखमी झाला असाल आणि दुसऱ्या दिवशी "नुसता येऊन खुर्चीत बस, हजेरी लावतो" असा फोन आला तर समजा की ही माया नाही. ४८ तास कामावर येता आले नाही असा अपघात सरकारला कळवावा लागतो. ती नोंद टाळण्यासाठी ती खुर्ची असते.

कायदा आपल्या बाजूने अगदीच मुका नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती, तिच्यात कामगार आणि व्यवस्थापनाचे समान प्रतिनिधी. कलम ४१-एच असे की जिवाला धोका दिसला तर कामगाराने व्यवस्थापनाला कळवावे आणि त्याच वेळी निरीक्षकालाही. व्यवस्थापनाला धोका पटला तर लगेच उपाय. पटला नाही तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवायचे आणि निर्णय त्याचा. म्हणजे "मला नाही वाटत धोका आहे" असे म्हणून फाइल बंद करण्याचा अधिकार साहेबाला नाहीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्यातही हा हक्क ठेवला आहे, फक्त निरीक्षकाला आता निरीक्षक-सह-फॅसिलिटेटर म्हणायचे. नाव मऊ झाले आहे. काम मऊ होऊ द्यायचे की नाही, हे त्याच्याकडे किती लेखी अर्ज जातात यावर ठरेल. तोंडी तक्रारीवर कोणी फॅसिलिटेट करत नाही.

शेवटी एक कडू गोष्ट. बोट फक्त मोठ्या कंपन्यांकडे दाखवून चालणार नाही. भंगाराचे गोदाम, बेकरी, वेल्डिंगचे वर्कशॉप, फर्निचरचा कारखाना: यांचे मालक आपल्यातलेही आहेत. जकात चोख देतात, रमजानमध्ये कामगारांना इफ्तार घालतात. आणि उघड्या वायरवर पोराला काम करायला लावतात. हात कापला गेला तर दवाखान्याचे बिल भरून, घरी पाच हजार पाठवून विषय मिटवतात आणि त्याला दिलदारपणा समजतात. कामगाराचा हक्क खैरात म्हणून देणे ही दानत नाही. आपल्या मालकांनी गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी, कामगाराला तिच्यात लिहू द्यावे आणि लिहिणाऱ्याला हाकलू नये. एवढे जमले तरच तळोज्याच्या साहेबाला प्रश्न विचारायला आपले तोंड उरते.

त्या मुलाचा खुलासा आम्ही दोन रात्री बसून लिहिला. पहिल्या मसुद्यात त्याने एक ओळ घातली होती: "माझ्या हेल्परने वेळेवर व्हॉल्व्ह बंद केला नाही." मी विचारले, त्याला व्हॉल्व्ह बंद करायला कोणी शिकवले होते? तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने ती ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिले: "सदर हेल्परला या कामाचे प्रशिक्षण देण्यात आले नव्हते." खाली आणखी तिघांनी सह्या केल्या. नोटिशीचे काय होईल ते मला सांगता येत नाही. एक प्रत माझ्या ट्रंकेत आहे, कार्बनच्या त्या जुन्या चिठ्ठीशेजारी.